पडद्यावरचा नळ

शैक्षणिक फिल्म दाखवणाऱ्या गाडीवर मी चौदा वर्षं ऑपरेटर आहे. गावांचा विकास व्हावा म्हणून एका संस्थेनं ही गाडी काढली. विकास किती झाला माहीत नाही, किस्से मात्र डिकीत मावेनात! मित्र म्हणतात, "सांग ना एखादा, जरा हसू." हसा बापडे. मला सांगताना अजून संताप येतो.

*

सफाळ्याकडच्या एका गावात कापसावरची फिल्म लावली. अख्खं गाव भातशेतीवालं! पण यादीत तेवढीच उरली होती. बिचारे बोंडअळी बघत बसले. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "झाला का तुमचा कापूस? सकाली भात लावायला जायचंय आमाला."

आमचे साहेब खूश. "बघ, कामाची प्रेरणा मिळाली!"

*

सरावलीत कामगारांच्या चाळीसमोर सुरक्षेची फिल्म. हातमोजे घाला, चष्मा लावा. एक कामगार उठला आणि भाजलेला हात दाखवत म्हणाला, "साहब, ये दस्ताने मिलते कहाँ हैं? हमें तो किसी ने दिए नहीं."

"प्रश्न शेवटी!" साहेब म्हणाले.

शेवटी काय? ग्रुप फोटो काढला, साहेब गाडीत बसले आणि काच वर!

*

मग संस्थेनं नळयोजनेवर स्वतःच फिल्म काढली. उमरोळीजवळच्या एका पाड्यावर गुलाबकाकूंच्या दारात शूटिंग. दारात नळ नव्हताच. तो आम्ही बसवला आणि भिंतीमागून टँकरचा पाइप जोडला. काकूंनी हसत हंडा भरायचा. प्रत्येक टेकला हंडा रिकामा हवा, म्हणून भरलेलं पाणी मातीत ओतायचं. अकरा वेळा! काकू रडकुंडीला आल्या.

"वतू नका ओ! माज्या घरात तरी भरू द्या!"

"काकू, हसा!" साहेब ओरडले.

संध्याकाळी नळ काढून घेतला. पाना माझ्याच हातात होता.

*

काकूंनी खऱ्या नळासाठी अर्ज केला. दोनदा नामंजूर. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेलो. कारकुनानं फाइलमधला फोटो दाखवला. काकू, हंडा आणि धो धो वाहणारा नळ.

"तुमच्याकडे आहे की!"

"अहो, तो नळ मीच काढला," मी म्हणालो.

"मग संस्थेकडून तसं लेखी आणा."

साहेबांकडे गेलो तर माझ्यावरच उखडले. "वेडा आहेस का? लेखी दिलं तर फिल्म खोटी ठरेल!"

*

मागच्या महिन्यात तीच फिल्म त्याच पाड्यावर दाखवायचा हुकूम आला. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. म्हणजे तोंडातल्या तोंडात.

पडदा काकूंच्याच अंगणात बांधला. पडद्यावर काकू हसल्या, नळ सुरू झाला. समोर कुणीच हसलं नाही. काकू उठल्या, घरातून रिकामा हंडा आणला आणि पडद्यावरच्या नळाखाली, बरोबर धारेखाली ठेवला. मग दुसरी बाई उठली. मग तिसरी. बघता बघता अख्ख्या पाड्यानं हंड्यांची रांग लावली.

साहेब माझ्या कानाशी लागले, "फोटो काढ, लवकर! असा रिस्पॉन्स पुन्हा मिळायचा नाही!"