न बोलणाऱ्याचं ऐकणं

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली आणि त्यांनी जेवणही सोडलं. दोन दिवस मी चमचा घेऊन विनवत होते, "बाबा, एक घास तरी खा ना!" ते तोंड भिंतीकडे फिरवत.

काल दुपारी माझी मुलगी मुक्ता म्हणाली, "आई, तू जरा बाजूला हो." पेजेची वाटी घेऊन ती त्यांच्याजवळ नुसती बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. बऱ्याच वेळाने बाबांनी आपला डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. मग तिने चमचा पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं.

"हे कुणी शिकवलं गं तुला?" मी स्वयंपाकघरात तिला विचारलं.

"चिंगीने. नवीन आणली तेव्हा ती कपाटाखालून निघतच नव्हती, आठवतं? ओढायला गेलं की आणखी आत जायची."

आठ वर्षं मी त्या मांजरीचे केस झाडत कुरकुरले. मांजरात रमलेल्या या पोरीचं पुढे कसं होणार, याचा घोर मला होता. न बोलणाऱ्या जिवाचं मन ओळखायला ती तेव्हाच शिकत होती, हे मला दिसलंच नाही.

बाहेर बाबा रिकाम्या वाटीवर बोटांनी टकटक करत होते. त्यांना आणखी पेज हवी होती.