कुंदा विचारत राहिली

कुंदाच्या लेकीचा, प्राचीचा फोन आला तेव्हा मी कांदिवलीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, "कुठे?" ...खरंच विचारलं. तीस वर्षांत कुंदाबद्दलच्या प्रत्येक फोनचा अर्थ हाच असायचा, की ती कुठेतरी गेलीय. ठाण्याला कुणाकडे तरी गेलीय, येऊरच्या पाड्यावर गेलीय, मुलुंडला सरांकडे गेलीय, डबा न घेताच गेलीय. पलीकडून प्राची काही बोलेना, तेव्हा मला कळलं. कुंदा बाहेर पडायच्या तयारीत होती म्हणे. दारात एक चप्पल पायात सरकवली, दुसरीसाठी वाकली आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आज सहा आठवडे झाले. मला अजून घरात नीट बसवत नाही. गॅसवर कुकर ठेवते आणि उगाच खिडकीशी जाऊन उभी राहते.

आमची ओळख टेलिफोन एक्स्चेंजमधली. दोघी एकाच शिफ्टला. मी नलिनी, मालवणकडची, गिरणीकामगाराची मुलगी. ती परभणीकडची, वडील जयंतीच्या मिरवणुकीत पुढे निळा झेंडा घेऊन चालणारे. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "तुमच्या गावात घराला नाव असतं म्हणे. तुमच्या घराचं काय?" मी सांगितलं. मग तिला आजोबांचं नाव हवं, पणजोबांचं हवं, देवळातला मान कुणाकडे ते हवं. मी वैतागून म्हटलं, "तुला कशाला गं एवढं?" तर म्हणाली, "माझ्याकडे आजोबांच्या मागे एकही नाव नाही, नले. आम्ही कुणाच्या कागदावरच नव्हतो. ज्याच्या घरात काही लिहून ठेवलेलं नाही, त्याने दुसऱ्यांना विचारावंच लागतं." हे ती हसत म्हणाली होती.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नातवंडं सांभाळतात. कुंदाने एक छोटी वही आणि रेकॉर्डिंग होणारा फोन घेतला आणि नाहूर ते बोरीवली असा सगळा मुलूख पालथा घालायला सुरुवात केली. कुणी जुन्या विहिरींचा जाणकार आहे असं कळलं की ही त्याच्या दारात. कुणी कान्हेरीच्या लेण्यांतली अक्षरं वाचतं म्हटलं की ही पायऱ्या चढून तिथे. एकदा मला जबरदस्तीने सोबत नेलं. एका शिलालेखापुढे उभं करून म्हणाली, "बघ, राजाने नाही, एका साध्या व्यापाऱ्याने हे पाण्याचं टाकं दिलंय. नाव कोरलंय त्याचं. दोन हजार वर्षं टिकलं!" तिचा आवाज असा चढला होता की शेजारची माकडं दूर सरकली. मला आपली गुडघ्यांची काळजी. तिला एका जागी पाच मिनिटं उभं राहता यायचं नाही आणि तिच्यामुळे मलाही.

तिच्या नाहूरच्या सोसायटीमागे एका भेंडीच्या झाडाखाली अर्धा जमिनीत गेलेला दगड होता. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, खाली मातीच. शेंदराची पुटं चढलेली. कुंदाने पुस्तकं चाळली, फोटो जुळवून पाहिले आणि ठरवून टाकलं की हा वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा वीराच्या नावाने उभारलेला दगड. तिने त्यावर एक लेख लिहिला, एका पुरवणीत तो छापूनही आला. बस्स. आठवडाभरात दगडाभोवती फरशी बसली. तिथल्या एका पुढाऱ्याने, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, "आपल्या नाहूरचा वीर" असा फलक लावला. वर शेड बांधायचं ठरलं. बायका हळदकुंकू वाहू लागल्या. कुंदाचा सत्कार झाला, शाल मिळाली. तिने ती शाल मला दाखवली आणि लगेच म्हणाली, "पण नले, मी कुणाला दाखवलंच नाही गं. जाणकार माणसाने बघायला हवं ना?"

तिने मुलुंडच्या सरांना आणलं. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. उभं आयुष्य कोकणातले कोरीव दगड बघण्यात गेलेलं, बोलणं अगदी हळू. त्या दिवशी मीही होते. सरांनी दगडाच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चंद्रसूर्य वीरगळावर असतात, तसे दुसऱ्या दगडांवरही असतात. खालची बाजू बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही." कुंदाने घरातून खुरपं आणलं, स्वतःच फरशीचा एक तुकडा उचकटला आणि माती काढायला बसली. हातभर खाली गेल्यावर गाढवाची पाठ दिसली. मग त्याच्या खाली एक बाई. कुंदाचा हात थांबला. सरांनी चष्मा पुसला.

"गद्धेगाळ आहे, ताई," ते म्हणाले. "राजाने जमीन दान दिली की असा दगड लावत. जो कुणी हे दान मोडेल, त्याच्या आईला ही शिवी. दगडात कोरलेली."

"म्हणजे वीर नाही," कुंदा म्हणाली.

"वीर नाही. पण जुना आहे, हजारेक वर्षांच्या घरातला. आणि मोलाचा आहे. फक्त तुम्ही लिहिलंत तो नाही."

तिथे गावठाणातल्या हिराबाई उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात हिरवा चुडा. त्या तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. "माजी सासू सांगाची," त्या म्हणाल्या, "त्या दगराकरं बायांनी बगाचा नाय." कुंदा त्यांच्याकडे वळली. "मावशी, मग मला आधी का नाही सांगितलंत?" हिराबाई सरळ म्हणाल्या, "तू माना इचारलाच कवा?" ...हे वाक्य कुंदाला सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. शंभर मैलांवरच्या जाणकारांचे पत्ते शोधणारी ही बाई, पन्नास पावलांवरच्या हिराबाईंना विचारायला विसरली होती.

आता पुढचं मला लिहायलाच हवं, कारण ते माझ्याबद्दलही आहे. पुढच्या रविवारी सकाळी शेडच्या भूमिपूजनाची सभा होती. कुंदाला भाषणाला बोलावलं होतं. मी तिला म्हटलं, "आजारी आहे म्हण आणि जाऊ नकोस. दोन महिन्यांनी विसरतील सगळे." ती म्हणाली, "मी लिहिलेलं खोटं त्या फलकावर आहे, नले. मी विसरेन का?" आणि गेली. माइक हातात घेऊन सरळ म्हणाली, "मी चुकले. न बघता, न विचारता लिहिलं. हा वीर नाही." मग दगड काय आहे ते तिने सांगितलं. शिवी, गाढव, बाई, सगळं. मांडवात एकदम गलका झाला. एक बाई ओरडली, "आम्ही हळदकुंकू वाहिलं त्याला! आमची अब्रू घालवली हिने!" भाऊंनी माइक काढून घेतला. मागून एक माणूस मोठ्याने म्हणाला, "ह्यांना आपले देव कुठे बघवतात? ह्यांचं ठरलेलंच असतं." ह्यांचं म्हणजे कुणाचं, ते मांडवातल्या प्रत्येकाला कळलं. कुंदालाही.

मी दुसऱ्या रांगेत होते. मला उठता आलं असतं. दगड मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, खणताना सरांची पिशवी मीच धरली होती. उठून एवढंच म्हणायचं होतं, की ही खरं बोलतेय. मी उठले नाही. मला स्टेशनवर सोडायला कुंदा रिक्षात बसली. मग म्हणाली, "तू का गप्प बसलीस गं?" मी म्हटलं, "मी पाहुणी तिथली." "हो, ते पण आहेच," ती म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

शेड झालं नाही. फलकही उतरला. काही महिने सोसायटीत तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मग गटाराच्या कामात दगड उपटून पालिकेच्या एका आवारात नेऊन टाकला, तेव्हा ती अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर हिंडली. सरांकडून पत्र घेतलं, हिराबाईंना सोबत नेलं. शेवटी जवळच्या बागेच्या कोपऱ्यात तो पुरता उभा करून लावला, शेजारी माहितीची पाटी. आता गाढवासकट दिसतो. सकाळी फिरायला येणाऱ्या बायका तिथे थांबतात, वाचतात आणि एकमेकींना कोपराने ढोसत हसतात. त्यांत ती मांडवात ओरडलेली बाईही असते. कुंदाने ते एकदा लांबून बघितलं आणि मला फोन केला. "वाचतायत गं," म्हणाली. "वीर असता तर नुसता नमस्कार करून पुढे गेल्या असत्या."

तिची माझी शेवटची भेट माझ्या घरी झाली, ती जाण्याच्या वीस दिवस आधी. चहा झाल्यावर तिने फोन टेबलावर ठेवला. "आज तू बोल. गिरणीकामगारांच्या घरांत गिरण्या बंद पडल्यावर काय झालं, ते मी गोळा करतेय." मी चाळीचं सांगितलं, आईच्या खानावळीचं सांगितलं. मग बोलता बोलता निघून गेलं तोंडातून, की गिरणी बंद झाल्यावरही बाबा जवळजवळ वर्षभर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी ठरल्या वेळी परत यायचे. कुंदा पुढे सरकली. "कुठे जायचे?" मी म्हटलं, "माहीत नाही." "तू विचारलं नाहीस?" "नाही." "आईने?" "कुंदा, बंद कर ते." "अगं, पण तुझे मामा आहेत ना अजून? त्यांना..." "बंद कर म्हणते ना! प्रत्येक गोष्ट खणायलाच पाहिजे का?" तिने फोन बंद केला. पदराने टेबलावरचा चहाचा थेंब पुसला. जाताना दारात म्हणाली, "मामांचं वय किती गं?" मी दार लावून घेतलं.

प्राचीने पंधरा दिवसांपूर्वी तो फोन माझ्या हातात ठेवला. "मावशी, तुम्हीच ऐका, मला नाही ऐकवत." एकशे काही रेकॉर्डिंग आहेत. मी दुपारच्या वेळी ऐकत बसते. ऐकते कसली, फेऱ्या मारते आणि फोन टेबलावर बोलत राहतो. विहिरीवाले, लेणीवाले, सर, हिराबाई. चार-पाच ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ती एकच गोष्ट विचारते. याबद्दल ती मला कधी बोलली नव्हती. आभार मानून झाल्यावर, समोरचा माणूस सैल झाल्यावर हळूच विचारते, "आणि यातलं तुम्हाला काय माहीत नाही?" मग शांतता. सर तर जवळजवळ मिनिटभर गप्प आहेत. मागे पंख्याचा आवाज येतो. आणि मग ते ज्या तऱ्हेने बोलायला लागतात... तो आवाजच वेगळा आहे. तेवढा वेळ ते प्राध्यापक नाहीत. हिराबाई म्हणतात, "माज्या आईचा नाव माना ठाव नाय. सगली तिला वयनी म्हनाची." आणि कुंदाने नाक ओढल्याचा आवाज येतो.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो प्रश्न नाही. मी तिला तिथवर पोचूच दिलं नव्हतं.

परवा मी मामांकडे गेले. कांदिवलीतच राहतात, माझ्या घरापासून दोन रिक्षास्टँड पलीकडे. शहाऐंशी वर्षांचे. कान कमी झालेत, बाकी शाबूत. कुंदाचा फोन मी त्यांच्या पलंगावर ठेवला, लाल बटण दाबलं. बाबा कुठे जायचे, ते विचारलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं ते या प्रश्नाचीच वाट बघत होते. "मुलुंडाक," ते म्हणाले. "थंयच्या कारखान्यांच्या गेटार उभो रवी. वय इचारीत. बेचाळीस म्हटल्यार फुडे धाडीत. मी एकदा गेलंलय त्याच्याबरोबर. दिसभर डबो उघडूक नाय तेना. मी म्हटलंय, घराक सांग. तर तो म्हणालो, चेडू शाळेत जाता, तिका कळता नये." चेडू म्हणजे मी.

मी उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. मग खाली बसले आणि विचारलं, "मामा, यातला तुमका काय ठाऊक नाय?"

ते छताकडे बघत राहिले. फोनवरचे आकडे पुढे सरकत होते.

"डबो रिकामो घेवन येय तो," ते म्हणाले. "पण जेवी कोण, ता माका कधी कळला नाय."