उधाणाचा रकाना

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबई सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो तेव्हा घराजवळ काम हवं म्हणून मी मातीकामाच्या एका ठेकेदाराकडे लागले, आणि तिथे हा राग चक्क कामाला आला. सहा डंपर, दोन रोलर, खोदकामाचं एक पोकलेन. कुठलं वाहन कधी सर्व्हिसिंगला उभं राहणार ते मी ठरवायचं, आणि ठरल्या दिवशी ते उभं करून दाखवायचं.

दुसरा भाग अवघड होता. शेठना उभं वाहन बघवत नसे. "मॅडम, गाडी खडी म्हणजे धंदा खडा," ते म्हणायचे. ड्रायव्हरांचं वेगळंच. "चालतेय ना मस्त, मग कशाला खोलताय?" चालतेय तेव्हा खोलली नाही तर ती तिच्या सोयीने बंद पडेल, आपल्या नाही, हे मी रोज सकाळी यार्डाच्या फाटकात उभी राहून ओरडत असे.

मी संगणकावर एक तक्ता केला. इंजिन किती तास चाललं ते मोजणारा मीटर मशीनवर असतो. इतक्या तासांनी तेल, इतक्या तासांनी फिल्टर, इतक्या तासांनी ग्रीस. ज्याची वेळ झाली त्याची ओळ लाल, बाकीच्या हिरव्या. काही महिन्यांत 'मॅडम, गाडी रस्त्यात बंद पडलीय' असे फोन जवळजवळ थांबले. मग काय, मला शिंगं फुटली. तक्त्यात नाही ते यार्डात होता कामा नये, असं मी ठरवून टाकलं.

त्यात सापडले पोकलेन चालवणारे काका. ते इथलेच, जुन्या मिठागरवाल्या घरातले, साठीला टेकलेले. त्यांचं मशीनही जुनं. त्याला काम कमी, म्हणून ते महिनोन्‌महिने यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात खाडीकडच्या भिंतीला लागून उभं असायचं. पुढची जागा रोज ये-जा करणाऱ्या डंपरांची. शेठना ते विकायचं होतं. "आता एकदा जरी साइटवर अडकलं ना, तर मी ते ठेवणार नाही," असं त्यांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. नव्या मशीनवर या वयात काकांना कोणी बसवणार नव्हतं. मशीन गेलं की काका घरी, इतकं ते सरळ होतं.

तरी दर पंधरा दिवसांनी काका त्या उभ्या मशीनला भिडायचे. आधी टँकरच्या गोड्या पाण्याने धुवायचे, मग सांध्यांतली एकेक पिन पुसून ग्रीसगनने ग्रीस भरायचे. भाईंदरमध्ये टँकरचं पाणी, आणि ते न चाललेल्या मशीनवर ओतायचं. माझं डोकंच फिरलं.

"काका, मीटर एक तासही हललेला नाही. कशाला हे?"

"मीटर हलला न्हाय मॅडम, पन पानी हललाय ना," काका म्हणाले.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ग्रीसगन माझ्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं; तक्त्यात ओळ लाल झाली तरच ती बाहेर. काकांनी हुज्जत घातली नाही. त्यांच्या गप्प बसण्याला मी होकार समजले.

चार महिन्यांनी पावसाआधीचं नालेसफाईचं काम आलं. पोकलेन ट्रेलरवरून नाल्याकाठी नेलं, काका चढले, पहिली बकेट गाळात घातली आणि ती आत वळेना. त्यांनी लिव्हर सोडला, पुन्हा हळूच ओढला. लोखंड किंचाळलं आणि बकेट अर्ध्यावर अडकली ती अडकलीच. बकेट जिच्यावर फिरते ती पिन गंजून जागच्या जागी बसली होती. मी मोबाईलवर तक्ता उघडला. पोकलेनची अख्खी ओळ हिरवीगार.

शेठ आले. त्यांनी काकांना विचारलं, "ग्रीस का नाही मारलं?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऱ्हायलं."

मी गप्प बसू शकले असते. खोटं कशाला सांगू, थोडा वेळ बसलेही. मग मला स्वतःचीच लाज वाटली.

"राहिलं नाही, शेठ. मी बंद केलं होतं. ग्रीसगन माझ्या कपाटात आहे, कुलपात."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझा बैल वीस टनांचा निघाला. शेठ म्हणाले, "पाऊस संपेपर्यंत ठेवतो. त्यात परत अडकलं तर गिऱ्हाईक तयार आहे." गॅसने तापवून, घणाने ठोकून पिन काढण्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन काकांसमोर बसले. "आता नीट सांगा. मी मधे बोलणार नाही."

"आवस-पुनवेच्या मागनं दोन दिस मोठा उधान," काका म्हणाले. "पानी गटारातून आत येतो, चेनीला, बकेटला लागतो. पानी उतरतो, खार ऱ्हातो. चालती मशीन आपला ग्रीस आपन फिरवते. उभीचा कोन फिरवील? आमचा बाप मिठागरात लाकडाचाच फावडा वापरायचा. लोखंडाला खारा पानी सोसत न्हाय."

कंपनीच्या जाडजूड पुस्तकातही मशीन उभं ठेवायचं असेल तर काय काय करावं यावर एक प्रकरण होतं. ते अगदी शेवटी होतं आणि मी तिथवर पोचलेच नव्हते.

तासांच्या शेजारी मी एक नवा रकाना आखला: उधाण. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी बघून वर्षभराच्या तारखा भरल्या. मशीन चालो न चालो, उधाण उतरलं की धुणं, ग्रीस, थोडा वेळ इंजिन, आणि मशीनचा लांब हात नि बकेट सगळ्या बाजूंना हलवणं. पिनांचा क्रम काकांनी सांगितला. खालच्या दोन पिना त्यांनी मला वाकून दाखवल्या. "ह्या कोनाला दिसत न्हाय, म्हनून ह्याच पयल्या करायच्या."

त्या पावसाळ्यात माझा जीव टांगणीला लागलेला असे. पोकलेन कुठेही गेलं की मी फोन हातातून खाली ठेवत नसे. ते एकदाही अडकलं नाही. पाऊस ओसरल्यावर शेठ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षाचा तक्ता बनवताय ना? पोकलेनचाही बनवा." विकण्याबद्दल ते बोलले नाहीत. मी धावत मागच्या कोपऱ्यात जाऊन काकांना सांगितलं. काका हसले आणि पान खायला गेले.

काही दिवसांनी त्यांनी चार दिवसांची सुट्टी मागितली. लेक बाळंत झाली होती, नातू बघायला जायचं होतं. मी तारखा बघितल्या.

"काका, मधेच उधाण आहे."

"ठाव हाय," काका म्हणाले. "उधान असला का मी कदी कुटं गेलो न्हाय. थोरल्या नातीच्या बारशाला पन न्हाय. मंग मशीनला कोन बघील? आता तुमी लिवलाय ना सगला."

माझ्या तक्त्यामुळे माणसाला निर्धास्त घरी जाता येईल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी सुट्टीच्या अर्जावर सही केली.

उधाण उतरलं त्या सकाळी मी ओढणी कमरेला खोचली. रोलरवाल्याने मशीन धुऊन दिलं. ग्रीसगन दाबायला केवढा जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं. न दिसणाऱ्या दोन पिना आधी केल्या. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून कडेला नवं दिसेपर्यंत दाबत राहिले, मग पुढची, मग त्यापुढची. शेवटी रोलरवाल्याने थोडा वेळ इंजिन चालवून हात नि बकेट हलवून घेतली. दुपारी हात वर उचलवत नव्हते.

झालं का ते विचारायला काका फोन करणार, याची मला खात्री होती. हातभर ग्रीस, तरी फोन जवळ ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत वाट पाहिली, चहाच्या वेळी पाहिली. संध्याकाळ झाली तरी काकांचा फोन आला नाही; विचारायची त्यांना गरजच वाटली नव्हती. तक्त्यात 'झालं' असं लिहिताना मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.