सूर्यावरचा बंगळुरी पावसाळा

दामोदर रावांची आणि आश्लेषाची पहिली भेट झाली तेव्हा आश्लेषा सूर्यावर उभी होती. निदान दामोदर रावांचं म्हणणं तसं होतं. राजाजीनगरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर जायला साधारण नऊशे पायऱ्या होत्या. पुढं कधीतरी तिनं त्या मोजल्या तेव्हा एकतीस भरल्या, पण त्या दिवशी नऊशेच होत्या. शेवटची पायरी चढून, धापा टाकत तिनं गच्चीत पाऊल ठेवलं, तोच एका काळ्या छत्रीच्या पोटातून आवाज आला, "स्वल्प बाजूला व्हा अक्का. सूर्यावर उभ्या आहात."

एकोणतिसाव्या वर्षी, नावामागं नुकतंच 'डॉक्टर' लागलेलं असताना, बहात्तर वर्षांच्या माणसानं आपल्याला अक्का म्हणावं याचा तिला आधी धक्का बसला. मग तिनं खाली पाहिलं. तिची सावली एका पांढऱ्या कागदावर पडली होती आणि त्या कागदावर बशीएवढा सूर्य उतरला होता. तो ज्या दुर्बिणीतून उतरला होता, ती पाहून तिची खात्रीच झाली की शहाजीराजांबरोबर कर्नाटकात आलेली आणि परत न्यायची राहून गेलेली तोफ ती हीच. (दामोदर रावांचे पूर्वजही त्याच वेळी आले आणि तसेच राहून गेले.) प्रत्यक्षात ती प्लास्टिकच्या पाइपाची होती, जुन्या ग्राइंडरच्या लोखंडी पायावर बसवलेली आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या खांबाला सुतळीनं बांधलेली. खांबाच्या दुसऱ्या बाजूला सोयराबाईंची साडी वाळत होती. नवऱ्याच्या शास्त्रासाठी खांबाची एक बाजू सोडून देणं, एवढा संसार त्या बाईंनी सत्तावीस वर्षं केला होता.

दामोदर राव छत्रीखाली वाकून पेन्सिलीनं सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होते. हे काम पंधरा मिनिटं चाललं. मग त्यांनी डाग मोजले. डागांच्या प्रत्येक पुंजक्याला दहा, शिवाय प्रत्येक सुट्या डागाला एक, असा जगभर चालतो तो हिशेब. आकडा वहीत लिहिला आणि मगच पाहुणीला बसायला खुर्ची दिली.

"आणि अण्णा, डाग नसले तर?" तिनं विचारलं.

"शून्य."

"ढग असले तर?"

"आडवी रेघ."

मग त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू हिला उपास आणि उपासमार यांतला फरकच ठाऊक नाही. म्हणाले, "शून्य म्हणजे बघितलं, नव्हतं. रेघ म्हणजे बघितलंच नाही. ह्या दोन्हीत घोटाळा केला की संपलं, सरी?"

आश्लेषा 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाली. हे तिला पुढं पुष्कळदा आठवलं.

दामोदर राव कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासणारे माणूस. केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक पकडण्याचा त्यांना पगार मिळायचा. पंच्याण्णवच्या ग्रहणात त्यांनी पहिल्यांदा सूर्य नीट पाहिला आणि ठरवलं की याचीही तपासणी रोज व्हायला हवी. दुसऱ्या वर्षी दुर्बीण उभी राहिली. तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला सूर्य हजर आणि दामोदर राव हजर, अशी दहा हजार दिवसांची हजेरी पंचावन्न वह्यांत होती. मुलाच्या लग्नात मुहूर्त नऊ बेचाळीसचा निघाला तेव्हा भटजींना स्वल्प मागं-पुढं करायला लावल्याची गोष्ट सोयराबाई हसून सांगत. हसून सांगायला त्यांना बारा वर्षं लागली होती.

आश्लेषाला या वह्या का हव्या होत्या, तर तिचं काम मोठं गमतीचं होतं. सूर्याच्या अंगातलं चुंबकत्व साधारण अकरा वर्षांनी जोर धरतं आणि ओसरतं. जोर असतो तेव्हा डागच डाग, ओसरलं की चेहरा कोरा. आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांशी ताडून पाहिल्याशिवाय आपल्या पोराची परीक्षा होत नाही, हा जसा आपल्याकडचा रिवाज, तसाच शास्त्रज्ञांचाही आहे. सूर्यासारखे इतर तारे कसे वागतात? ते इतके लांब की त्यांचे डाग दिसत नाहीत. त्यांच्या प्रकाशातला एक विशिष्ट जांभळा भाग वर्षानुवर्षं मोजत बसायचं. तो वाढला की चुंबकत्व वाढलं. त्यातून कळतं की कुणाचा फेरा सात वर्षांचा, कुणाचा तेरा, तरुण तारे नुसता धिंगाणा घालतात, काही म्हातारे ढिम्म बसून राहतात आणि काही ताऱ्यांमध्ये एक मोठा नि एक छोटा असे दोन फेरे एकदम चालू असतात. सूर्य आपला मध्यमवयीन, ठरावीक वेळी चिडणारा. त्याच्या पोटातही असा छोटा फेरा दडला आहे का, हे एकाच माणसाच्या डोळ्यांनी, एकाच दुर्बिणीतून, एकाच गच्चीवरून घेतलेल्या नोंदींत शोधायचं, असं आश्लेषानं ठरवलं होतं.

वर्षभर ती दर शनिवारी बनशंकरीहून राजाजीनगरला येऊन वह्या कॉम्प्युटरवर चढवत राहिली. सोयराबाई तिला अवलक्की, म्हणजे आपले पोहे, खाऊ घालत. दामोदर राव एकच गोष्ट परत परत सांगत. त्यांनी दोन हजार एकचा डागांचा भर पाहिला, चौदाचा पाहिला, आता चोवीस-पंचवीसचा येईल. तिसरा भर कागदावर उतरला की ते मोकळे. मुलगा प्राणेश सहा वर्षं व्हाइटफील्डला राहायला या म्हणून मागं लागला होता. राजाजीनगरचं घर बिल्डर मागत होता. दामोदर रावांचं एकच उत्तर होतं, तिकडं गच्चीला कुलूप असतं. भर होऊ दे, मग बघू.

फेब्रुवारी चोवीसमध्ये आश्लेषाचा ती काम करत असलेल्या खगोलसंस्थेत सेमिनार ठरला. तिनं अण्णांना आग्रहानं बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कापडी पिशवीत शेवटची वही घेऊन, दुसऱ्या रांगेत येऊन बसले. त्या सकाळी सूर्यावर प्रचंड मोठा डाग होता. तिला दाखवायला म्हणून त्यांनी त्या चित्राची एक निराळी प्रतही काढून आणली होती.

आश्लेषानं पडद्यावर आलेख लावला. अकरा वर्षांची मोठी लाट, आणि तिच्या अंगावर, पाटाभोवतीच्या रांगोळीसारख्या नीटस, छोट्या छोट्या लाटा. सूर्यालाही छोटा फेरा आहे, ती म्हणाली. एक वर्षाचा.

ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉक्टर श्रीहरी पुढच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला. अगदी सौम्य आवाजात त्यांनी विचारलं, वर्ष तर पृथ्वीचं. पृथ्वीनं प्रदक्षिणा पुरी केली की सूर्यानं तिचा वाढदिवस कशाला साजरा करावा?

लोक हसले. आश्लेषाचे कान तापले. सत्तावीस वर्षांचं दुसऱ्याचं आणि एक वर्षाचं स्वतःचं काम त्या हशात वाहून चाललेलं तिला दिसलं आणि तिनं हाताला लागेल ते धरलं. हाताला दामोदर राव लागले. ती इंग्रजीत म्हणाली की निरीक्षक हौशी आहेत, वय झालेलं आहे, पावसाळ्याच्या दिवसांत बहुधा मन लावून मोजत नसावेत. बारीक डाग त्यांच्या नजरेतून सुटत असणार.

आपल्या समाधानासाठी ती धरून चालली की एवढं इंग्रजी अण्णांना समजलं नसेल. तीस वर्षं इंग्रजी नकाशे वाचून यंत्रांचे भाग तपासणारा माणूस तो. पण लाज झाकायला कुठलंही फडकं चालतं.

कार्यक्रमानंतर ते कॉफी न घेता दाराशी थांबले होते. "सरी अक्का, येतो," एवढंच म्हणाले. चित्राची प्रत पिशवीतच राहिली.

सेमिनारनंतरचे शनिवार तिनं कामाच्या निमित्तानं चुकवले. तीन आठवड्यांनी, दुसरंच काहीतरी शोधताना, तिला स्वतःनंच लिहिलेल्या प्रोग्रामातली एक ओळ सापडली. वर्षभरापूर्वी एका रात्री कॉम्प्युटर आडव्या रेघांवर अडून बसला होता. रेघ म्हणजे किती, हे त्याला कळेना. तिला शेवटची बस गाठायची होती. तिनं त्याला सांगून टाकलं होतं, जिथं आकडा नाही तिथं शून्य धर. आणि विसरून गेली होती.

म्हणजे जून ते सप्टेंबर, बंगळूरवर ढग असताना अण्णांनी मारलेली प्रत्येक आडवी रेघ शून्य झाली होती. दर पावसाळ्यात सूर्य कोरा होत होता. आश्लेषानं सूर्यावर जो वर्षाचा फेरा शोधून काढला होता, तो बंगळूरचा पावसाळा होता. पंधरा कोटी किलोमीटरवर, सहा हजार अंशांच्या आगीत, तिनं राजाजीनगरचा पाऊस पाडला होता.

हे हसण्यासारखं होतं. ती हसलीही असती, पण तिला दुसरी रांग आठवली.

तिनं ओळ खोडली. छोट्या लाटा नाहीशा झाल्या, मोठी लाट सुरेख उभी राहिली. डॉक्टर श्रीहरींनी नवा आलेख पाहून मान डोलावली. "छान. त्या गृहस्थांचे आकडे दुरुस्त केलेस वाटतं?"

"हो सर," आश्लेषा म्हणाली.

चूक कुणाच्याही हातून होते. घाबरून दुसऱ्यावर ढकलणंही माणूस एखाद वेळी समजून घेईल. पण हे 'हो सर' तिनं शांत डोक्यानं, पंख्याखाली बसून, हातात कॉफीचा पेला असताना म्हटलं होतं. त्याला कुठलंच फडकं पुरेना. पुढचे दोन शनिवार तिला सर्दी झाली. तिसऱ्या शनिवारी बसचा मार्ग बदलला असल्याची तिला शंका आली. चौथ्या शनिवारी ती एकतीस पायऱ्या चढून गेली तेव्हा गच्चीवर खांबाच्या दोन्ही बाजूंना साड्या वाळत होत्या.

दुर्बीण खाली बैठकीच्या खोलीत, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. अण्णा आरामखुर्चीत डोळ्यांत थेंब घालून पडले होते. तिची चाहूल लागली तसे ते उठून बसले आणि चक्क तिचे आभार मानू लागले. सेमिनारच्या दुसऱ्याच दिवशी ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. डाव्या डोळ्यात थोडा मोतीबिंदू निघाला होता. वयाच्या मानानं काहीच नाही, असं डॉक्टर म्हणाला होता, पण ते अण्णांनी कानाआड केलं होतं.

"घरात कुणाला पत्ता नव्हता," ते कौतुकानं म्हणाले. "मला नव्हता. तुम्हाला नुसत्या आलेखावरनं दिसला बघा अक्का."

सोयराबाई आतून म्हणाल्या, "दिसला तर दिसला, तेवढ्यासाठी सगळंच बंद करायचं काय?"

सोयराबाईंनीच मग पुढचं सांगितलं. बावीस फेब्रुवारीनंतर त्यांनी दुर्बीण लावली नव्हती. नजरच खोटी तर मोजायचं कशाला, म्हणाले. आणि गच्ची नको तर घर तरी कशाला. प्राणेशला हो म्हणून झालं होतं, बिल्डरच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या, पुढच्या गुरुवारी सामान जाणार होतं.

आश्लेषानं सांगितलं. बस, प्रोग्राम, रेघा, शून्य, सगळं. 'हो सर' सुद्धा सांगितलं, आणि ते सांगताना ती फरशीकडं बघत होती. तिला वाटलं होतं अण्णा रागावतील, मग आपण रडू, मग सोयराबाई अवलक्की आणतील आणि संपेल. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एक वही मागवली, दोन हजार अकराचा जुलै उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही काय आहे?"

"रेघ."

"म्हणजे?"

"तुम्ही बघितलं नाही, अण्णा."

"आणि तुम्ही तिथं लोकांना सांगितलं, मी बघितलं आणि मला दिसलं नाही."

"हो."

त्यांनी वही मिटली. मग ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी तर तुमच्यावर विश्वासच ठेवला होता. त्यांना सांगा."

त्या दिवशी सोयराबाईंनी अवलक्की केली नाही.

पुढच्या गुरुवारी आश्लेषानं त्याच खोलीत, त्याच पडद्यासमोर, आपली चूक नावानिशी सांगितली. दामोदर रावांच्या नोंदींत चूक नव्हती, ती माझी होती, आणि आकडे दुरुस्त केले असं मी म्हणाले तेही खोटं होतं. अकरा जण हजर होते. पहिल्या सेमिनारला आलेले त्यांत चौघंच. डॉक्टर श्रीहरी म्हणाले, "ठीक आहे. पुढचा आलेख." दुसऱ्या रांगेत कुणी नव्हतं. दामोदर राव त्या वेळी सामानाच्या टेंपोत, पंचावन्न वह्यांच्या पेटीवर हात ठेवून, व्हाइटफील्डच्या वाहतुकीत अडकले होते.

निबंध छापून आला. त्यातला दामोदर रावांचा आलेख बावीस फेब्रुवारी दोन हजार चोवीसला थांबतो. सूर्यावरच्या डागांचा तिसरा भर त्यानंतर साधारण आठ महिन्यांनी आला. प्राणेशचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे, बाल्कनी उत्तरेला. मेअखेर ते जुलै तिथं सकाळी थोडं ऊन येतं, पण त्या दिवसांत ढग असतात.