खड्ड्यावरचा दगड

"चिरलं न्हाई ना?"

कोणाचंही जनावर मेल्याचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, हे नंतर. पलीकडून 'नाही' आलं की ते एक लांब श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "हात लावू नका. कुत्री जवळ येऊ देऊ नका. आलोच."

कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यात ते पर्यवेक्षक होते. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं. "डॉक्टर कर्जतला बसत्यात, मी नुसता सुपरवायझर," असं ते प्रत्येकाला सांगत. मी भिंगारहून इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा पहिल्याच भेटीत मलाही सांगितलं. गावाने डॉक्टर म्हणणं सोडलं नाही आणि त्यांनी दुरुस्त करणं सोडलं नाही.

भर मे महिन्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, मनगटाची बटणं लावून. अशी एखादी लकब तुम्हीही कोणाची तरी पाहिली असेल. आपण ती वर्षानुवर्षं बघतो आणि कधी विचारत नाही.

एकदा मी त्यांना वर्गात बोलवलं. धडा जिवाणूंचा होता. त्यांनी फळ्यावर एक बारीक रेघ काढली, ती मधोमध तोडली. दोन झाल्या. त्या तोडल्या, चार झाल्या. "खायला हाय, ऊब हाय, तवर ह्येंचं हेच चालू. अर्ध्या तासात एकाचे दोन. सकाळी चारा खाल्लेला बैल दुपारी आडवा हुतो, तो उगं न्हाई." या आजाराला, म्हणजे अँथ्रॅक्सला, आमच्याकडे फाशी म्हणतात.

"आन् खायचं संपलं तर?" त्यांनी विचारलं. मग खडू ठेवून वर्गाकडे वळले.

"तुमच्यातल्या कोणाकोणाचे आईबाप ऊसतोडीला जात्यात?" निम्मे हात वर झाले. "जाताना काय नेत्यात?"

"पीठ, दोन पातेली, वाकळ," मागून एक मुलगी म्हणाली.

"आन् घर?"

"घराला कुलूप!"

"तसंच. खायचं सरलं की ह्यो जीव आपलं गाठोडं बांधतो. लागंल तेवढंच आत घेतो, वरून घट्ट आवरणं चढवतो. मग भवतालचं घर पडून जातं, गाठोडं तेवढं मातीत ऱ्हातं. खात न्हाई, वाढत न्हाई. ऊन लागू द्या, थंडी लागू द्या, वर्षं जाऊ द्या. कोण्या जनावराच्या पोटात गेलं की सुटलं गाठोडं. पुन्हा एकाचे दोन."

त्याला बीजाणू म्हणतात, हे मी नंतर सांगितलं. मुलांच्या वह्यांत मात्र गाठोडंच उतरलं.

चिरलं का, हे ते का विचारत, तेही त्या दिवशी कळलं. मेलेलं जनावर न चिरता पुरलं तर आतले जिवाणू आतच कुजून मरतात. चिरलं की त्यांना हवा लागते आणि रक्ताबरोबर मातीत उतरून ते गाठोडी बांधतात.

गावाच्या पूर्वेला आबा म्हणून एका शेतकऱ्याचं पडीक रान आहे. मी येण्यापूर्वी तिथे एक बैल फाशीने मेला. सुपरवायझर पोचेपर्यंत लोकांनी तो अर्धा सोलला होता. मग सुपरवायझरांनी सहा फूट खड्डा घेतला, चुना टाकून बैल पुरला आणि जागा कळावी म्हणून वर मोठा दगड ठेवला. दर दिवाळीनंतर त्या दगडाला ते स्वतः चुना देत.

एका वर्षी त्या पांढऱ्या दगडावर शेंदूर दिसला. मग नारळ. मग कोणीतरी नवसाचं बकरंही घेऊन आलं. ते धावत गेले आणि सांगून आले, "ह्या देवाला बकरं चालत न्हाई. हितं गुरं चारलेली चालत न्हाईत. खणलेलं तर आजिबात न्हाई."

मी चिडले. "तुम्ही विज्ञान शिकलेले. लोकांना खोट्या देवाच्या नादी लावता?"

"बाई, नादी मी लावलं न्हाई. खरं धा वर्षं सांगत हुतो, तवा तिथं शेरडं चरत हुती." एवढंच बोलून त्यांनी सायकल काढली.

मला ते पटलं नाही. त्यांच्या निवृत्तीनंतरच्या वर्षी मी वर्गात सांगून टाकलं, तो दगड म्हणजे देव नाही, खड्ड्याची खूण आहे. खाली काय आहे तेही सांगितलं. मुलांनी घरी पहिलं वाक्य नेलं. दुसरं वाटेत सांडलं.

आठवड्याने आबा शाळेत आले, खुशीत. "बरं झालं बाई. देव हाय म्हणून मी इतकी वर्षं शेततळं घेत नव्हतो. उद्या जेसीबी बोलावलाय."

मी समजावू लागले. ते हसले. "इतक्या वर्षांत हाडं ऱ्हायली नसतील, आन् तुमचे जंतू ऱ्हातील व्हय?"

मी सुपरवायझरांना फोन केला. तेव्हा त्यांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती. जेसीबी किती वाजता येतोय, एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात आले आणि सरळ त्या दगडावर जाऊन बसले. शेंदरावर. जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं.

"उठा डॉक्टर," आबा म्हणाले.

"सुपरवायझर," ते म्हणाले. मग त्यांनी उजव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. कातडीत रुपयाएवढा खोलगट व्रण होता.

"बैल पुरला त्या दिवशी हातमोजे नव्हते. मी तसाच खड्ड्यात उतरलो. चौथ्या दिवशी हितं काळी पुळी आली, कोळशावानी. औषध येळेवर मिळालं म्हणून हाय. आबा, त्ये कुठं गेलेलं न्हाई, गाठोडं बांधून तिथंच बसलंय. तुमच्या गोठ्यात किती जनावरं हायत?"

आबांनी वाकून तो व्रण पाहिला. मग जेसीबीवाल्याला म्हणाले, "वरल्या अंगाला घे. बांधापल्याड." आणि माझ्याकडे वळून, "देव हुता त्येच बरं हुतं की, बाई."

परतताना मी विचारलं, हात इतकी वर्षं का लपवला?

"सगळ्यांना शिकवतो आन् स्वतःच उघड्या हातानं उतरलो. लाज वाटायची." थोडं चालून थांबले, दम घेतला. "आन् लोक मला भ्याले असते. भ्यायचं त्या जागेला."

गेल्या थंडीत ते गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दारात सायकल होती, कॅरिअरला चुन्याचा डबा अजून बांधलेला. मला माफी मागायची होती, ती राहून गेली. डबा मात्र मी मागून घेतला.

रानात पोचले तर आबा दगडापाशी उभे होते. दगड धुतलेला. मी चुना दिला, त्यांनी वर शेंदराचं एक बोट ओढलं. मी अडवलं नाही.

या सोमवारी शाळा भरायच्या वेळी फोन वाजला. वर्गातल्या त्या वाकळ म्हणणाऱ्या मुलीची आई होती, कारखान्यावरून नुकतीच परतलेली. तिने नाव सांगितलं नाही, नमस्कारही केला नाही; मी आवाजावरूनच ओळखलं.

"बाई, आमची कालवड मेली. चिरली न्हाई."