फणस म्हणून आलेलं लाकूड

माझ्या मामांची बंगळूरबाहेर होसकोट्याजवळ छोटी सॉ मिल आहे. पत्र्याची शेड, एक उभी पट्ट्याची करवत आणि कामाला तीन माणसं होती. दारं-खिडक्यांच्या चौकटींसाठी ते टणक लाकूड कापून द्यायचे. शनिवारी मला सुट्टी असते, म्हणून मी अजूनही तिथे जाते.

तिथे लाकूड कधीच नेमानं येत नाही. देवनहळ्ळीकडे एखाद्या शेताचे प्लॉट पाडून लेआउट झाला की फणस, चिंच, आंबा इतका येतो की ओंडके फाटकाबाहेर रचावे लागतात. मग आटतं ते आटतंच. सरकारी डेपोच्या लिलावात सागाचे ढीग इतके मोठे लावतात की छोट्या मिलवाल्यानं तिथे नुसतं चहा पिऊन परत यावं. बंदरावर उतरणारं परदेशी लाकूड मोठ्या वखारी आधीच अडवून ठेवतात, आमच्यापर्यंत पोचतात ती तडकलेली टोकं. मामा म्हणतात, लाकूड आणि पाहुणा सांगून येत नाहीत. मला हे कधी पटलं नाही. आईच्या कामगार संघटनेमुळे आमच्या घरी पेपरच्या आधी पत्रकं वाचली जायची. टंचाई आपोआप होत नाही, ती कोणीतरी करतं, हे मी शाळेच्या पुस्तकात नाही, त्या पत्रकांत शिकले.

गेल्या उन्हाळ्यात करवत दोन महिने जवळजवळ बंद होती. करवतीवरचे मेस्त्री मामांकडे वीस-एक वर्षं आहेत. मामांना ते अण्णा म्हणतात. त्यांना बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात खोकी बनवायचं काम मिळत होतं. त्यांनी मामांना सरळ सांगितलं, सोमवारपर्यंत लाकूड आलं तर थांबतो, नाही तर जातो. ते गेले तर मिल संपली, हे सगळ्यांना माहीत होतं. करवतीचा पट्टा ताणायचा किती, हे त्या शेडमध्ये दुसऱ्या कोणाच्या हाताला ठाऊक नव्हतं.

आणि नेमक्या त्या शनिवारी सकाळी दलाल लॉरी घेऊन आला. फणस आहे म्हणाला, देवनहळ्ळीच्या शेतातला. कागद होता, कागदावर फणसच लिहिलं होतं. मी अडखळले ते इथेच. दोन महिने जे लाकूड कुठेच नव्हतं, ते मेस्त्रींच्या मुदतीच्या दोन दिवस आधी आमच्या दारात कसं उभं राहतं?

आमच्या मिलमध्ये एक रीत आहे. नव्या मालाच्या पहिल्या ओंडक्याला मामी हळद-कुंकू लावते, लिंबू ठेवते. एकदा कुंकू लागलं की तो माल मिलचा. मग त्यात पोकळ निघो, किडका निघो, परत करायचा नाही. सगळे दलाल हे जाणून आहेत, त्यामुळे आधी सगळा माल उलटापालटा करून बघायचा आणि मगच मामीला हाक मारायची, हा मामांचा शिरस्ता. त्या दिवशी मी ओंडके बघायला लॉरीच्या मागच्या बाजूला गेले, आणि फिरून येईपर्यंत कुंकू लागून गेलं होतं.

ओंडक्यांवर साल नव्हती. फणसाची साल कोण एवढ्या मेहनतीनं सोलतं? एका गाठीपाशी लाल डिंक सुकला होता, रक्तासारखा. मी दलालाला विचारलं, शेत नेमकं कुठलं. तो हसून म्हणाला, शेत कसलं मॅडम, तिथे आता रस्ता झालाय.

मी कुऱ्हाडीनं एक ढलपी काढली, तिचे तुकडे काचेच्या ग्लासात पाण्यात टाकले आणि ग्लास उन्हात ठेवला. ही युक्ती मला मामांनीच लहानपणी दाखवली होती. त्यांना साखरेचा त्रास आहे. होन्नेच्या, म्हणजे आपल्या बिवळ्याच्या, लाकडी पेल्यात रात्री पाणी ठेवून ते सकाळी पितात. त्या पाण्यावर निळी झाक येते. फणसाच्या पाण्यावर ती येत नाही.

अर्ध्या तासात पाणी तपकिरी झालं आणि कडेनं निळं चमकायला लागलं.

होन्ने जंगलातलं झाड. त्याच्या ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याचा हातोड्याचा ठसा लागतो. इथे ठसा नव्हता, म्हणजे माल चोरीचा, आणि साल का सोलली तेही आता कळलं. दलाल लबाड निघाला याचं मला काही वाटलं नाही, दलालांबद्दल माझं मत आधीपासून तेच होतं. पण जो माणूस रोज सकाळी होन्नेचं पाणी पितो, त्याला लॉरी फाटकातून आत येताना वास कळला नसेल?

मी ग्लास मामांसमोर धरला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"कुंकू लागलंय गं," ते म्हणाले.

"कुंकू मामीनं लावलं. तुम्ही तिला थांबवलं का नाही?"

"स्वल्प हळू बोल. मेस्त्री ऐकतायत."

मेस्त्रींना मराठी कळत नाही, पण ग्लास कळत होता. ते करवतीपासून उठून आले, पाणी उन्हात तिरकं करून पाहिलं आणि कन्नडमध्ये मामांना एवढंच म्हणाले की अण्णा, तपासणीवाले आले तर मशीनला सील लावतील, पण हातकडी पट्ट्याशी उभा असतो त्याला पडते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग ते आत गेले आणि करवतीचा ताणलेला पट्टा सैल केला.

मामा फाटकाशी गेले. त्यांनी दलालाला माल परत भरायला सांगितला. तो कुंकवाकडे बोट दाखवत राहिला. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं, हे खरंच होतं. "सरी, ठीक आहे, नाव खराब झालं माझं, जा," मामा म्हणाले. पहिला ओंडका कुंकवासकट लॉरीत चढला.

सोमवारी मेस्त्री बोम्मसंद्र्याला गेले. जाताना मामांच्या पाया पडले, माझ्याकडे बघून मान हलवली. ती शाबासकी होती की काय, मला कळलं नाही. तेव्हापासून मिल बंद आहे. मामा शेड भाड्यानं द्यायचं म्हणतात. माझ्याशी बोलतात, पण लाकडाबद्दल नाही.

मला वाटत होतं, गडबडीत मामी घाईनं पुढे गेली असेल. आठवड्यापूर्वी पोळ्या लाटताना मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला घाई करते? कुंकवाचं ताट त्यांनीच आणून माझ्या हातात दिलं. म्हणाले, लावून टाक लवकर, पोरगी मागे गेलीय."

आईच्या संघटनेनं मला चोरट्या लाकडावर पत्रक लिहायला सांगितलंय. डेपोचा लिलाव आलाय, बंदर आलंय, मोठ्या वखारी आल्यात, दलाल तर आलाच आहे. छोट्या मिलवाल्यांवरचा परिच्छेद मी तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा काढून टाकला. उद्या छापायला द्यायचंय. आई विचारतेय, एवढा का वेळ लागतोय.