फेब्रुवारीची बाटली

अंगात येणं, बाहेरचं लागणं, उतारा टाकणं... यातलं मी कधी काही मानलं न्हाई. आमच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की मी पाणी द्यायला पुढं आणि पाया पडायला मागं. त्यामुळं पेपरातल्या असल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी काही लिहीन असं कोणी म्हणलं असतं तर मीच हसले असते. पण एक गोष्ट वीस-बावीस वर्षांपासून मनात बसून आहे, ती आता लिहून टाकते. शाळा माझी चौथीपर्यंतच. पुढचं सगळं पेपर वाचून वाचून आलं. तेव्हा शुद्धलेखनाकडं बघू नका.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही नवीन जालन्यात राहायचो, स्टेशनच्या अलीकडं, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी, मुलगा आणि सून वर्षा. मुलगा बियाण्याच्या कंपनीत, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. वर्षा वाटूरची. बीएस्सी होऊन आमच्याकडं आली आणि आल्या-आल्या म्हणाली, "आई, मला एमएस्सी पुरं करायचंय." मी म्हणलं, कर. मला जे जमलं न्हाई ते घरात कोणाला तरी जमू दे.

ती सकाळच्या गाडीनं औरंगाबादला विद्यापीठात जायची, संध्याकाळी यायची. दुसऱ्या वर्षी तिला प्रकल्प होता, शहागडला गोदावरीच्या पाण्यात प्राणवायू किती आहे ते मोजायचं. बारा महिने, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी बरोबर आठ वाजता. ऊन चढलं की आकडा बदलतो म्हणे, म्हणून आठ म्हणजे आठच. जुलैपासून तिनं सुरू केलं आणि ऑक्टोबरात तिला दिवस गेल्याला चार महिने झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रेल्वे चालंल, पण त्या रस्त्यानं एसटीचे धक्के बिलकुल नकोत.

आता नदीवर कोण जाणार? मीच.

वर्षानं मला घरी बादलीत शिकवलं. काचेची बाटली, काचेचंच बूच. बाटली तिरपी धरून पाण्याखाली बुडवायची, हळूच भरू द्यायची आणि पाण्यातच बूच लावायचं. आत एक बुडबुडा राह्यला तरी सगळं फुकट. मंग दोन औषधं, एक-एक ड्रॉपर. पाण्यात विटकरी गाळ बसला की झालं, प्राणवायू अडकला. वर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख, वेळ, पाण्याचं तापमान लिहायचं.

पहिल्याच खेपेला मी आणलेली बाटली बघून ती हसायला लागली.

"आई, बाटलीवर 'श्री' कशाला?"

"लिहायला घेतलं की वर श्री काढावं. कोरं लिहू नये."

"अहो, लेबल आहे ते! लग्नपत्रिका न्हाई."

"तुझ्या परीक्षेचंच काम आहे ना? राहू दे मंग."

तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर श्री. तिच्या सरांनी एकदा विचारलं म्हणे, ही पूजेची आहे का?

पहाटे साडेपाचची एसटी. शहागडला उतरून पुलाजवळून खाली. वर गयाबाईचं चहाचं दुकान होतं, ट्रकवाल्यांसाठी. एक कप तिच्याकडं प्यायचा आणि परत. घरी येऊन स्वयंपाक, धुणं, गिरणी. थकून जायचे मी. पण कोणाला सांगणार, हौसेनं घेतलेलं काम होतं.

फेब्रुवारीत वर्षाला एक महिना आधीच कळा आल्या. गुरुवारी रात्री दवाखान्यात नेलं. शुक्रवारी मुलगी झाली, एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली. मुलगा तिकडं आंध्रात, निरोप मिळून यायला त्याला तीन दिवस लागले. तोवर मी एकटी. खाली औषधाच्या दुकानात, वर पेटीपाशी, मंग वर्षापाशी. पाठ टेकली न्हाई. शनिवारी उशिरा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी न्हाई, बाळ दूध ओढतंय. आणि रविवारी पहाटे, वर्षाच्या खाटेसमोरच्या बाकावर, बसल्या-बसल्या माझा डोळा लागला. नऊ वाजता सिस्टरनं हलवलं, "आजी, हे काय घर आहे का घोरायला?"

आठ दिवसांनी घरी आलो तेव्हा बाळाची दुपटी वाळत घालताना माझ्या हातातलं दुपटं तसंच राह्यलं.

"वर्षा! अगं, दुसरा रविवार... पाणी!"

ती भिंतीकडं तोंड करून बाळाला घेऊन पडली होती. "जाऊ द्या, आई. राहून गेलं," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, तीही विसरली होती.

पण बारा महिन्यांतला एक गेला म्हणजे प्रकल्प अपुरा. अपुरा प्रकल्प घेतला न्हाई तर एक वर्ष वाया. आणि पोर झाल्यावर एक वर्ष मागं पडलेली सून परत कधी जाते कॉलेजात? मी अशा किती बघितल्या. मुलाला सरांकडं पाठवलं. सर म्हणाले, जानेवारी आणि मार्चच्या मधला आकडा टाका, सगळेच टाकतात.

मीही म्हणलं, "टाक ना गं. नदी काय साक्षीला येणाराय?"

"नदी न्हाई येणार, आई. तोंडी परीक्षेला मलाच बसायचंय," ती म्हणाली. "जिथं पाणी घेतलंच न्हाई तिथला आकडा मला सांगता येणार न्हाई."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी परत गेले. सकाळी घाईत बाटल्यांच्या पेटीतली पहिलीच बाटली उचलली, पाणी भरलं आणि वर गयाबाईकडं आले. तर ती रुसलेली.

"काय वो मावशी, मागल्या खेपंला लई तोरा! चहा न्हाई, बोलणं न्हाई."

"मागल्या खेपंला मी आलेच नव्हते, गयाबाई. सून दवाखान्यात होती."

"घ्या! मला येडं करून राह्यल्या का? आल्त्या की तुम्ही. हाका मारल्या तरी वर बघितलं न्हाई. पाय वले, पदर खांद्यावरून घसरलेला, लई थकल्यावानी दिसत व्हत्या. बाटली हितं फळीवर ठेवली अन् गेल्या निघून. म्या म्हणलं, भांडण झालं आसंल घरी."

आणि तिनं फळीखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढून माझ्या हातात दिली. वर बूच घट्ट. खाली विटकरी गाळ. चिकटपट्टीवर श्री. त्याखाली फेब्रुवारीच्या रविवारची तारीख, सकाळी ८, तापमान १९. अक्षर माझं. माझा आठ असा वाकडा येतो, शेपटी आत वळलेली. तो कोणी काढून दाखवावा.

मी तिथंच बसले. गयाबाईनं दोन कप चहा पाजला, पैसे घेतले न्हाईत.

घरी येऊन आधी बाटल्यांची पेटी उघडली. सहा बाटल्या, नंबर घातलेल्या, जानेवारीत मीच धुऊन लावल्या होत्या. सकाळी नेली ती एक नंबरची. आता बघते तर तीन नंबरचा खणही रिकामा, आणि गयाबाईनं दिलेल्या बाटलीवर तोच तीनचा आकडा. आणि दवाखान्यात होतो ते आठ दिवस घराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

वर्षाला मी खोटं सांगायचं ठरवलं. खरंच सांगते, वाटेतच ठरवलं होतं. तिचं वर्ष वाचत होतं ना!

"ही घे," म्हणलं, "मी गेल्ते त्या रविवारी. गडबडीत बाटली गयाबाईकडं राह्यली."

तिनं लेबल वाचलं. किती तरी वेळ वाचत राह्यली.

"आई, त्या रविवारी आठ वाजता तुम्ही माझ्यासमोर बाकावर होत्या."

"तुला काय शुद्ध होती का तेव्हा? टाके पडलेले तुझे."

"होती शुद्ध. मी घड्याळच बघत होते. पाचलाही बघितलं. म्हणलं आता उठवलं तर साडेपाचची गाडी मिळंल."

"म्हणजे तुला आठवण होती?"

"होती."

"मंग उठवलं का न्हाई गं मला?"

"तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. लग्न झाल्यापासून तुम्हाला असं झोपलेलं मी पहिल्यांदाच बघितलं," ती म्हणाली. "एक महिना गेला तर गेला, म्हणलं."

बाळ रडलं म्हणून आम्ही दोघी उठलो.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात स्टँड लावला, ॲसिड टाकलं, पातळ खळ केली - आपण साडीला करतो तशीच - आणि थेंब-थेंब औषध सोडत निळा रंग जाईपर्यंत मोजलं. आकडा जानेवारीपेक्षा थोडा कमी, मार्चपेक्षा थोडा जास्त. जिथं बसायला हवा तिथं बराबर बसला.

"आता तरी लिहिशील ना?"

"न्हाई, आई. एक तर बाटली महिन्याची शिळी. आणि ही कोणी भरली हे मला माहीत न्हाई. सरांनी विचारलं तर काय सांगू?"

फेब्रुवारीच्या रकान्यात तिनं रेघ ओढली आणि खाली लिहिलं, प्रसूतीमुळे नमुना घेतला नाही. सर चिडले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मार्क कापले, फर्स्ट क्लास हुकला. पण प्रकल्प घेतला गेला आणि वर्षा एमएस्सी झाली. आता कॉलेजात शिकवते.

पुढं मी खूप जणांना विचारलं. कोणी म्हणे गयाबाईची तारखेची चूक. मंग लेबल? कोणी म्हणे मीच आधी कधी तरी लिहून ठेवलं असंल. पाण्याचं तापमान आधी कसं लिहिणार? गयाबाईशी नंतर दोनदा बोलले, ती आपल्या बोलण्यावरून हलली न्हाई. मला आजही काही उलगडलेलं न्हाई.

एक गोष्ट मात्र मी वर्षाला सांगितली न्हाई, आणि सांगणारही न्हाई. हे सदर ती वाचत न्हाई म्हणून इथं लिहिते. शहागडला नदीवरून वर यायला वाळूचा चढ आहे. तो चढून आलं की माझ्या पिंढऱ्या दगडासारख्या व्हायच्या, दर खेपेला, संध्याकाळपर्यंत. त्या रविवारी सिस्टरनं मला उठवलं तेव्हा मला बाकावरून उभं राहता येईना. पिंढऱ्या तशाच झाल्या होत्या. मला वाटलं, बाकामुळं.

पण तिनं आपलं वर्ष पणाला लावून मला ती झोप दिली होती. त्या झोपेत मला आराम पडलाच न्हाई, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?